गोष्टीची तालीम

बेंगळुरूचं इंदिरानगर देशभर गाजलं ते 2021 साली. मराठी घरातला, शांत स्वभावासाठी ओळखला जाणारा राहुल द्रविड एका जाहिरातीत गाडीच्या छतातून वर येऊन, बॅट परजत, आपण इथले गुंड असल्याचं ओरडून सांगत होता. त्या गमतीपलीकडे बाहेरून येणाऱ्याला इथलं दिसतं ते एवढंच: शंभर फुटी रस्ता, त्यावरची हॉटेलं आणि शोरूम, सीएमएच रोडवर 2011 पासून धावणारी मेट्रो. या झगमगाटाला पाठ लावून मोटप्पनपाळ्या, अप्पारेड्डीपाळ्या, बिन्नमंगला, लक्ष्मीपुरा अशा दाट वस्त्या उभ्या आहेत. त्यांतल्या काही तर लेआउट पडण्याआधीची गावंच, नंतर चारही बाजूंनी वेढली गेलेली. तिथल्या घरांत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलली जाते, आणि पलीकडच्या सोसायट्यांतली धुणीभांडी, ड्रायव्हिंग, हॉटेलातली कामं पुष्कळदा याच घरांकडे असतात.

दोन्हींच्या मधे राहणारी मराठी कुटुंबं इथे बरीच आहेत. रविवारी सकाळी आसपासच्या मुलांसाठी काहीतरी करावं, असं त्यांच्यातल्या काहींना मनापासून वाटतं. हे ‘काहीतरी’ बहुतेक ठिकाणी एकाच वाटेने जातं. सोसायटीत पुस्तकं गोळा होतात, एक कपाट येतं, कपाटाला कुलूप येतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते काका नेमके त्या रविवारी पुण्याला गेलेले असतात. डिसेंबरात कुणाला तरी सुचतं, मुलांचं नाटक बसवू या. मग चुणचुणीत मुलाला राजाची भूमिका, चार मुलांना झाडं, भाड्याचे कपडे, कानठळ्या बसवणारा माइक. टाळ्या पडतात. कपाट तसंच राहतं.

चूक नाटकाची नाही आणि पुस्तकांचीही नाही. दोन्हींना वेगवेगळ्या खात्यांत टाकलं, ही चूक आहे. आठ मिनिटांचा प्रवेश उभा करताना मुलं तीच दोन पानं सहज तीस-चाळीस वेळा वाचतात. एरवी कोणत्या मुलाने एकच पान इतक्यांदा वाचलं असतं? तेही कुरकुर न करता, आणि दर वेळी ‘हे असं का म्हणाला असेल?’ असं विचारत. वाचन अडखळणाऱ्या मुलाला नेमकी हीच गोष्ट हवी असते, अर्थपूर्ण पुनरावृत्ती. म्हणून तालीम हाच खरा वर्ग. प्रयोग हे फक्त तिथवर पोचायचं निमित्त.

मराठी रंगभूमीला ही रीत नवी नाही. नाटक बसवताना आधी वाचन होतं, मग बैठ्या तालमी, आणि उभं राहायची वेळ त्यानंतर. त्याआधीही श्रावणात पोथी लावली की एकजण वाचे, दुसरा अर्थ सांगे, आणि ज्यांना अक्षर येत नसे तेही मंडळींत बसून प्रश्न विचारत. स्वीडनमध्ये 1902 साली ऑस्कर ओल्सन यांनी लुंड इथे सुरू केलेली अभ्यासमंडळं याच जातीची होती. थोडी माणसं, मध्ये एक पुस्तक, वर मास्तर नाही. कामगारांच्या आणि दारूबंदीच्या चळवळींनी ती देशभर नेली.

वाचन आणि नाटक यांची गाठ नीट बांधलेलं मराठीतलं उदाहरण पाहायचं तर पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात जावं लागतं. तिथल्या सोनाळे गावातून काम करणारी ‘क्वेस्ट’ ही संस्था 2007 साली नीलेश निमकर यांनी सुरू केली. तिच्या ‘गोष्टरंग’ या उपक्रमात तरुण नटनट्यांना पाठ्यवृत्ती देऊन निवडलं जातं आणि ‘कोर्ट’ चित्रपटामुळे व ‘गुल्लक’ मालिकेमुळे घराघरांत पोचलेल्या अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी त्यांच्याबरोबर काम करतात. ही मंडळी आश्रमशाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी सादर करतात. नेपथ्याचा डामडौल नाही. अंग, आवाज आणि हाताशी असेल ती वस्तू, एवढ्यावर काम भागतं. समोरच्या अनेक मुलांच्या घरी वारली किंवा कातकरी बोलली जाते, आणि पुस्तकातली मराठी त्यांना परकीच असते.

इंदिरानगरातल्या कार्यकर्त्यांनी घ्यावा असा धडा सादरीकरणाच्या पुढे आहे. ‘गोष्टरंग’मध्ये खेळ संपला की काम संपत नाही. ज्या गोष्टीचा खेळ झाला तिच्याभोवती भाषेचे उपक्रम होतात, मुलं बोलतात, पुस्तकाकडे वळतात. आता त्यांना गोष्ट ठाऊक असते, पात्रांचे आवाज कानात असतात, त्यामुळे छापील ओळ भिंतीसारखी आडवी येत नाही. थोडक्यात, मोठ्यांनी केलेलं नाटक मुलांना वाचनाच्या दारापर्यंत आणून सोडतं. शनिवार-रविवारच्या प्रकल्पाला हे सहज जमण्यासारखं आहे. पहिले दोन आठवडे मुलांकडून काहीही करवून घेऊ नये. मोठ्यांनी गोष्ट सादर करावी, जमेल तशी, थोडी वेडीवाकडीसुद्धा. इंजिनिअर काकांना वाघ झालेलं पाहिल्यावर मुलांची भीड जितकी चेपते तितकी कोणत्याही ओळखीच्या खेळाने चेपत नाही.

दुसरं उदाहरण ठाण्याचं, आणि ते उलट्या दिशेने जातं. ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ अशी बालनाट्यं लिहिणारे रत्नाकर मतकरी यांनी उतारवयात, 2014 च्या सुमारास, समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. ही संस्था त्याआधीपासूनच प्रतिकूल परिस्थितीत दहावी झालेल्या मुलांचा एकलव्य पुरस्काराने गौरव करत आली होती. मतकरींच्या घरात नाटकांचा साठा असताना त्यांनी त्यातलं एखादं या मुलांच्या हाती दिलं नाही. ठाण्याच्या वस्त्यांतल्या मुलामुलींनी आपले विषय आपण शोधायचे, नाटिका आपणच रचायच्या आणि आपणच करायच्या, असा तो घाट होता. ‘नाट्यजल्लोष’ नावाने त्यांचे प्रयोग होत गेले. मतकरी 17 मे 2020 रोजी गेले.

मग छापील गोष्टीपासून सुरुवात करावी की मुलांच्या आयुष्यातून? या प्रश्नावर कार्यकर्त्यांत जोरदार वाद होतात. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे, पण नवख्या गटाने छापील गोष्टीपासूनच सुरुवात करावी. ‘तुमच्या वस्तीतल्या समस्येवर नाटक करा’ असं पहिल्याच दिवशी सांगितलं की मुलं टीव्हीवर पाहिलेला दारुडा बाप रंगवतात, कारण मोठ्यांना तेच हवं आहे हे त्यांनी ओळखलेलं असतं. आधी दोन-तीन गोष्टी वाचून झाल्या, त्यांवर भांडणं झाली, संवाद म्हणजे काय हे हाताला लागलं, की मग 2024 च्या उन्हाळ्यात बेंगळुरूत पाण्याचे हाल झाले त्याबद्दल मुलं जे लिहितील त्यात टँकरसमोरच्या रांगेचा खरा आवाज येईल.

भाषेचा प्रश्न मराठी कार्यकर्त्याला सगळ्यात आधी अडवतो. वर्षानुवर्षं इथे राहूनही ‘कन्नड गोत्तिल्ला’च्या, म्हणजे ‘कन्नड येत नाही’च्या, पुढे न गेलेले पुष्कळ आहेत. अशांनी इंग्रजीत गट चालवायचा मोह टाळावा. वस्तीतल्या पालकांना ते आवडेल, पण मुलं मुकी होतील. गटात एक तरी कन्नड वाचता येणारं मोठं माणूस हवंच: शाळेतल्या शिक्षिका, कॉलेजात शिकणारी वस्तीतलीच ताई, सोसायटीतले निवृत्त शेजारी. बेंगळुरूच्याच प्रथम बुक्सने 8 सप्टेंबर 2015 ला, साक्षरता दिनी, ‘स्टोरीवीव्हर’ हे मुलांच्या गोष्टींचं खुलं भांडार सुरू केलं. त्यात एकच गोष्ट कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी अशा अनेक भाषांत मिळू शकते आणि सोप्यापासून अवघडापर्यंत चार पातळ्या लावलेल्या असतात. एकाच चित्राखालच्या मजकुराच्या दोन भाषांतल्या प्रती समोरासमोर ठेवल्या की मराठी कार्यकर्तीही मुलांबरोबर विद्यार्थिनी होते. तिचे उच्चार दुरुस्त करताना एखाद्या दहा वर्षांच्या मुलीला जो आनंद होतो तो फुकट घालवू नये.

मराठी आणि कन्नड खेळांचं देणंघेणं जुनंच आहे. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, त्यामागे उत्तर कन्नडातल्या कर्कीहून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. अभिनेत्री अरुंधती नाग मुंबईच्या रंगभूमीवरून इथे आल्या आणि 2004 मध्ये जे. पी. नगरात ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह उभं राहिलं. मुलांच्या नाटकातही या शहराची परंपरा मोठी आहे. प्रेमा कारंत यांनी 1979 मध्ये ‘बेनका मक्कळ नाटक केंद्र’ सुरू केलं होतं. वर्षातून एकदा तरी गटातल्या मुलांना चांगलं बालनाट्य दाखवायला न्यावं. रंगशंकराचा मुलांचा नाट्यमहोत्सव त्यासाठी सोयीचा. घराजवळ डोमलूरला बेंगळुरू इंटरनॅशनल सेंटर आहे, तिथेही विनामूल्य कार्यक्रम होत असतात.

आता प्रत्यक्ष बारा आठवडे कसे काढावेत, ते एका गोष्टीच्या जोडीवरून पाहता येईल. कन्नड शाळेत शिकलेल्या जवळपास प्रत्येकाला पुण्यकोटी गाय ठाऊक असते. वाघ अडवतो, गाय म्हणते वासराला पाजून येते, आणि शब्दाला जागून खरंच परत येते. शरमलेला वाघ जीव देतो. आपल्याकडच्या बहुला गाईची कथा हिचीच बहीण. मराठी मुलांना मात्र जास्त जवळची ती लेकीकडे जाणारी म्हातारी. तीही वाघाला शब्द देते, धष्टपुष्ट होऊन येते मग खा म्हणून, आणि परतताना भोपळ्यात बसून पसार होते. गाय शब्द पाळते आणि म्हातारी मोडते, तरी दोघीही जिंकतात. या दोन गोष्टी लागोपाठ वाचल्या की ‘तात्पर्य काय?’ विचारायची गरजच उरत नाही. वाद आपोआप पेटतो. भुकेला वाघ खोटारडा होता का? गायीच्या जागी म्हातारी असती तर? वासराला कुणी विचारलं का?

बारा ते पंधरा मुलं, वयं साधारण नऊ ते तेरा, आणि दीड तास, याहून मोठा पसारा सुरुवातीला करू नये. दर दोन मुलांत एक प्रत असावी. एकेकाला प्रत दिली की जो तो आपल्यात बुडतो, आणि पाचांत एक दिली की दोघंच वाचतात. अक्षर मोठं हवं. झेरॉक्स स्वस्त आहे, तिथे काटकसर नको. पहिल्या दोन रविवारी मोठ्यांचं सादरीकरण आणि गप्पा. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत गोलात बसून अभिवाचन. प्रत्येकाने प्रत्येक पात्र वाचायचं, मुलींनी वाघ आणि मुलांनी गाय. भूमिका सहाव्या आठवड्यापर्यंत वाटूच नयेत. पहिल्या दिवशी भूमिका वाटल्या की ज्याला तीन वाक्यं मिळाली तो तीनच वाक्यं वाचतो आणि उरलेल्या वेळात खिडकीबाहेर बघतो. हा नियम मुलांनाही आवडत नाही, पालकांनाही नाही. तो मोडू नये.

पाठांतराची घाई तर मुळीच नको. प्रत हातात ठेवून उभं राहायला, चालायला, ओरडायला द्यावं. पाठ झालं की डोळे कागदावरून उठतात आणि वाचन तिथेच थांबतं, म्हणून पाठांतर जितकं लांबेल तितकं बरं. अनेक गटांनी तर प्रयोगही हातात पुस्तक घेऊनच करावा. प्रेक्षकांना ते मुळीच खटकत नाही.

आणखी एक जागा आहे, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. प्रॉम्प्टरची. नाटक चालू असताना ओळीवर बोट ठेवून शब्दन् शब्द वाचणारा माणूस तोच. अडखळत वाचणाऱ्या, लाजऱ्या मुलाला ही जागा द्यावी, दर आठवड्याला बदलत. कुणी चारचौघांत त्याची परीक्षा घेत नसतं, आणि तरी सगळ्यांचं नाटक त्याच्यावर अवलंबून असतं. नायक अडला आणि विंगेतून बरोबर शब्द आला, की त्या मुलाचा दर्जा वर्गात काय होतो ते पाहण्यासारखं असतं.

सातव्या-आठव्या आठवड्यात ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांची युक्ती वापरून पाहावी. त्यांच्या पद्धतीत नाटक ऐन मोक्याच्या जागी थांबतं आणि प्रेक्षकांतला कुणीही उठून पात्राची जागा घेतो, घटना वेगळ्या वळणावर नेऊन दाखवतो. पुण्यकोटी वाघासमोर परत उभी आहे, थांबा. आता वाघाने काय करावं? एखादी मुलगी येऊन वाघाला दुसरी शिकार दाखवेल, एखादा वासराला मधे आणेल. जे सुचलं ते त्याच दिवशी वहीत लिहून घ्यायचं, मुलांच्याच शब्दांत, कन्नडमिश्रित तमिळ असेल तर तसंच. पुढच्या रविवारी तेच छापून वाचायला दिलं की आपण बोललेलं कागदावर येतं आणि परत वाचताही येतं, हे त्यांना पहिल्यांदा दिसतं. ठाण्याच्या वाटेला लागायचं ते इथून.

हक्कांची बाजू कंटाळवाणी, पण टाळता न येणारी. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं उलटली की साहित्य सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’तला प्रसंग बिनधास्त घ्यावा. कन्नड शाळांत हमखास होणारं कवी कुवेंपूंचं ‘किंदरी जोगी’ मात्र हक्कांत आहे, कारण ते 1994 मध्ये गेले. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 शाळेतल्या मुलांनी आणि शिक्षकांनी शाळा-पालकांपुढे केलेल्या प्रयोगाला सूट देतं, तसंच हौशी मंडळाने पैसे न घेता केलेल्या प्रयोगालाही. तिकीट लावलं, रेकॉर्डिंग करून टाकलं, की ही सूट धरून बसता येत नाही. माधुरी पुरंदरे किंवा मतकरी यांच्यासारख्यांचं काही नाट्यरूपांतर करायचं तर प्रकाशकाला किंवा वारसांना पत्र लिहून विचारावं. ‘स्टोरीवीव्हर’वरच्या गोष्टी लेखक-चित्रकारांचं नाव देऊन बदलता, वापरता येतात. लोककथा मोकळी असते, तिचं एखाद्याने केलेलं पुनर्लेखन मात्र त्याचं असतं.

जागा वस्तीतलीच निवडावी: शाळेची पडवी, देवळाचा मंडप, अंगणवाडी. क्लबाचा वातानुकूलित हॉल मिळत असला तरी नको. तिथे वस्तीतल्या आया दारातच संकोचतात आणि सोसायटीतले लोक यजमान होऊन बसतात. पालकांची लेखी संमती, प्रत्येक सत्राला किमान दोन मोठी माणसं, मुलांचे फोटो परवानगीशिवाय कुठेही न टाकणं, हे पहिल्या दिवसापासून पाळावं. बालकांच्या संरक्षणाचा 2012 चा पॉक्सो कायदा स्वयंसेवकांनाही लागू आहे. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येतील. त्यांना ‘बाळाला घरी ठेवून ये’ म्हटलं तर पुढच्या वेळी दोघंही येणार नाहीत. कोपऱ्यात एक चटई आणि चित्रांची पुस्तकं टाकली की काम भागतं.

स्पर्धेत उतरायचं का, हा प्रश्न पहिल्या प्रयोगानंतर येतोच. पुण्यात 1963 पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकाने मराठी रंगभूमीला पिढ्यान् पिढ्या नट दिले, यात शंका नाही. पण ते कॉलेजच्या मुलांचं, नाटकासाठी नाटक करणाऱ्यांचं मैदान. इथे करंडक दिसला की सगळी वाक्यं पुन्हा दोन हुशार मुलांकडे जातात.

उपयोग झाला की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. दात्यांना दाखवायला व्हिडिओ चांगला दिसतो, पण त्यात प्रॉम्प्टर दिसत नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकट्याने, शेजारी बसवून, न पाहिलेलं एक पान वाचायला द्यावं आणि फोनवर आवाज टिपावा. बाराव्या आठवड्यात तितकंच अवघड, पण नवीन पान. किती अडलं, कुठे अडलं, स्वतःहून मागे जाऊन दुरुस्त केलं का, एवढं वहीत लिहावं. जोडीला घरी नेलेल्या पुस्तकांची नोंद. नाशिकला विनायक रानडे यांनी 2009 मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत वापरलेली पेटीची युक्ती इथेही चालते: कुलूपबंद कपाटाऐवजी पुस्तकांची पेटी एकेका घरी ठेवायची आणि ठरावीक काळाने पुढच्या घरी पाठवायची. हरवलेल्या, फाटलेल्या पुस्तकांचा हिशेब ठेवावा, पण दंड लावू नये.

कर्नाटकातल्या शाळा जूनच्या आसपास सुरू होतात, ऑक्टोबरच्या सुमारास दसऱ्याची सुट्टी येते, आणि मार्चपासून परीक्षांमुळे मुलं हाती लागत नाहीत. जूनच्या मध्यावर सुरू केलेला गट गणपती आणि पावसाच्या दांड्या धरून दसऱ्याच्या सुट्टीआधी पहिल्या प्रयोगाला उभा राहू शकतो. दुसरा फेरा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या वेळी पहिल्या गटातली चार-पाच मुलं अंगणवाडीत जाऊन लहानांना गोष्टी वाचून दाखवतील, आणि नव्या मुलांसाठी वाघ व्हायला इंजिनिअर काकांची गरज पडणार नाही.